चौकोनाला हात न लावणारा माणूस

आमच्या ऑफिसात अण्णांच्या कॉम्प्युटरचा पडदा सगळ्यांत मोठा आणि त्यावरची खिडकी सगळ्यांत लहान. डाव्या हाताच्या वरच्या कोपऱ्यात पोस्टकार्डापेक्षा जरा मोठी अशी एक खिडकी उघडून ते तिच्यात दिवसभर कोड लिहीत. बाकी सगळा पडदा मोकळा. त्या मोकळ्या जागेत त्यांच्या निपाणीच्या मळ्यातली एक म्हैस कॅमेऱ्याकडे संशयाने बघत उभी असायची.

नव्या माणसाला वाटायचं, खिडकी मोठी कशी करायची हे ह्यांना ठाऊक नसावं. मलाही तसंच वाटलं. कामाला लागून आठवडाही झाला नव्हता, तरी आगाऊपणा करून मी म्हटलं, "अण्णा, तो वरचा चौकोन दाबा की. पडदाभर होते."

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. हे ते फक्त माणसांकडे बघताना करायचे. कोडकडे बघायला चष्मा लागायचा, माणसं त्यांना चष्म्याशिवायच कळायची असं त्यांचं मत.

"आक्का, तुमच्या गावात घराला खिडक्या हायत न्हवं?"

"हायत की."

"मग भित्तीएवढ्या का न्हाय केल्या?"

मी पडद्यावरच्या म्हशीकडे बघितलं.

"भित्तीएवढी खिडकी केली की तिला खिडकी म्हनत न्हाईत. भित्त पडली म्हनत्यात." एवढं बोलून चष्मा खाली आला आणि मी अदृश्य झाले.

मी तेव्हा तेवीस वर्षांची आणि ते पन्नाशी ओलांडलेले, तरी ते मला आक्का म्हणत. झाडलोट करायला येणारी बाई, सरांची बायको, बंगळूरहून फोन करणाऱ्या मॅडम, सगळ्या त्यांना आक्काच. त्यामुळे नावं लक्षात ठेवायची कटकट मिटायची.

गंमत पुढेच आहे. आमची कंपनी कॉलेजातल्या मुलांसाठी एक एडिटर बनवत होती. प्रोग्राम लिहायची कॉम्प्युटरमधली वही म्हणा. अण्णांची ती इवलीशी खिडकी म्हणजे हीच वही. त्या वहीची खिडकी उघडायची कशी, सरकवायची कशी, मोठी करायची कशी आणि परत होती तेवढी करायची कशी, हा सगळा कोड अण्णांनी लिहिलेला होता. जन्मात कधी खिडकी मोठी न केलेल्या माणसाने! गोड न खाणाऱ्या आचाऱ्याकडे लग्नातली बासुंदी सोपवावी तसला हा कारभार. मी एकदा हे बोलूनही दाखवलं. त्यावर ते म्हणाले, "आमच्या घरात चार पिढ्या तंबाखू पिकवत्यात. खात कोन न्हाय. पिकवायला खावाच लागतो व्हय?"

त्यांच्या बऱ्याच बोलण्याला उत्तर नसायचं, म्हणून ते बरोबर आहे असं सगळ्यांनी धरून टाकलं होतं.

ऑफिस टिळकवाडीत, गाड्यांची सीटकव्हरं शिवणाऱ्या दुकानाच्या वर. खालच्या शिलाई मशीनच्या घरघरीने आमची टेबलं दिवसभर बारीक थरथरायची. माणसं सहा. मालकांना आम्ही सर म्हणायचो आणि सर अण्णांना भ्यायचे. कंपनी काढली तेव्हा सरांकडे जागा होती आणि आपल्याकडे अक्कल, असं अण्णा सरांच्या तोंडावर सांगायचे. सर हसायचे. त्यावरून ते खरं असावं.

अण्णा रोज निपाणीहून ये-जा करत. जैन घर, दिवस मावळायच्या आत जेवण. बस निपाणीला पोचेपर्यंत अंधार पडायचा, म्हणून संध्याकाळचा डबा ते ऑफिसच्या गच्चीवर खात. थंडीत साडेपाच वाजले की हातातला कोड अर्धा टाकून उठायचे. अर्धा म्हणजे अगदी ओळीच्या मधे. पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर पश्चिमेला तोंड करून बसायचे, आणि जेवताना मौन. नेम पाळणारी माणसं आमच्या भागात पुष्कळ आहेत, त्यांना मी हसणार नाही. पण अण्णांचं मौन नेमकं त्यांना कोणीतरी अडचणीचा प्रश्न विचारायला आलं की लांबायचं. एका भाकरीला त्यांनी पाऊण तास लावलेला मी पाहिलेला आहे. त्या दिवशी सर पगारवाढीच्या अर्जांबद्दल त्यांचं मत विचारायला वर गेले होते.

अर्ज हे त्यांचं दुसरं वेड. एडिटरची मूळ प्रत फक्त अण्णांच्या मशीनवर. आम्ही कोणीही काही बदल सुचवला तर तो कागदावर लिहून द्यायचा. वर तारीख, मग 'अर्जदाराचे नाव', मग 'विनंती विशेष', शेवटी सही. जगात माणसं एका बोटाने कोड इकडून तिकडे पाठवतात, आणि आम्ही बेळगावात कॉम्प्युटरच्या कंपनीत बसून अर्धविराम बदलायला तहसीलदाराला लिहावा तसा अर्ज लिहायचो. अर्ज वाचून ते आपल्या मशीनवर बघायचे, खाली लाल शाईने शेरा मारायचे आणि फाईलला लावायचे. त्या फाइलीतल्या दहांतल्या नऊ अर्जांवर एकच शेरा होता: 'पाहिले. माझ्यात नाही. निकाली.'

तोंडीसुद्धा तेच. कोणी म्हणालं, अक्षरं पुसट दिसतात, अण्णा आपल्या पडद्याकडे बघून म्हणायचे, "माझ्यात न्हाय." कोणी म्हणालं, एडिटर मधेच बंद पडतो. "माझ्यात न्हाय." मग दोष कुणात? कधी करंट कमीजास्त झाल्यात, कधी माऊसमध्ये गेलेल्या धुळीत, आणि बाकी सगळ्या वेळी एडिटर विकत घेणाऱ्या बंगळूरच्या लोकांत. जगात जे बिघडतं ते अण्णांच्या टेबलाच्या बाहेर बिघडतं, ही त्यांची श्रद्धा होती, आणि श्रद्धेला पुरावा रोज मिळत होता, कारण त्यांच्या मशीनवर ते स्वतः सोडून कोणी बसतच नव्हतं.

आता माझं सांगते. मी जांबोटीच्या अलीकडच्या एका गावची. भाताची शेती, चार जनावरं, आणि पावसाळ्यात बस आली तर आली. मी शिकले, बेळगावात नोकरी लागली, पण ती सहा महिने कच्ची. तिकडे गावच्या डेअरीवर दुधाची फॅट काढायला, म्हणजे दुधात लोणी किती ते मोजायला, एक जागा रिकामी होती आणि चेअरमननी ती माझ्यासाठी धरून ठेवली होती. आमचे वडील म्हणजे आप्पा वाईट माणूस नाहीत, पण त्यांना हातातलं सोडवत नाही. निघताना म्हणाले, "सा म्हयन्यात पक्की झाल्याचं पत्र आन. न्हायतर गुमान डेरीवर बसायचं. चेअरमनला मी किती दिस थांब म्हनू?"

मला डेअरीवर बसायचं नव्हतं. फॅट काढणं वाईट काम आहे असं नाही, पण रोज पहाटे गावातल्या प्रत्येकाच्या म्हशीच्या अब्रूचा निकाल आपण लावायचा आणि तोंडं चुकवत फिरायचं, हे मला झेपणारं नव्हतं. मला कोड लिहायचा होता. पक्कं करायचं पत्र सर देणार, पण अण्णांनी बरं म्हटल्याशिवाय ते कुणालाच देत नसत. आणि अण्णांनी कुणाला बरं म्हटल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

सहावा महिना लागला आणि ती तक्रार आली. आमचा एडिटर बंगळूरची एक शिकवणी कंपनी घेऊन कॉलेजांना द्यायची. संकेश्वरच्या एका कॉलेजातून त्यांना कळवण्यात आलं, की मुलं चौकोन दाबून खिडकी मोठी करतात, ती होते. पण परत लहान करायला तोच चौकोन दाबला तर काहीच होत नाही. खिडकी मोठी ती मोठीच राहते. मागचा धडा बघायचा तर एडिटर बंदच करावा लागतो. बंगळूरच्या मॅडमनी सरांना सांगितलं, पुढच्या शुक्रवारी पडद्यावर समोर दाखवा की हे दुरुस्त झालं, नाहीतर आम्ही दुसरा एडिटर बघतो. सरांनी ते काम माझ्या गळ्यात घातलं. "हे केलंस की पत्र," म्हणाले.

चूक सापडायला मला दोन दिवस लागले, आणि सापडली तेव्हा हसू आलं. खिडकी परत किती करायची हे आठवायला तिचं जुनं माप कुठेतरी लिहून ठेवावं लागतं. अण्णांचा कोड खिडकीचं माप बदललं रे बदललं की नवं माप 'जुनं माप' म्हणून टिपून ठेवायचा. खिडकी पडदाभर झाली की तेही माप बदललंच, मग तेही टिपलं. नव्या घरी राहायला गेल्यावर जुना पत्ता म्हणून नव्या घराचाच पत्ता लिहावा, तसं. परत जा म्हटल्यावर ती बिचारी जिथे आहे तिथेच परत जायची. उपाय एका ओळीचा: खिडकी पडदाभर असेल तेव्हा माप टिपू नको.

मी रीतसर अर्ज केला. विनंती विशेष, कारण, ती एक ओळ, सही. अण्णांनी अर्ज वाचला, आपली पोस्टकार्डाएवढी खिडकी माऊसने धरून थोडी इकडे, थोडी तिकडे सरकवली आणि लाल पेन उघडलं.

"अण्णा, चौकोन दाबून बगा की एकदा."

"दाबायचं काय कारन?"

"दाबल्यावरच चूक दिसती."

"मग दाबू नये," ते म्हणाले आणि शेरा मारला. 'पाहिले. माझ्यात नाही. निकाली.'

मी सरांकडे गेले. सर म्हणाले, तू आणि अण्णा दोघं संकेश्वरला जा आणि समोरासमोर बघून या. मला बरं वाटलं. तिथे तरी ह्यांना दिसेल. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बसस्टँडवर अण्णा आले ते बगलेत चादरीत बांधलेलं गाठोडं घेऊन. मला वाटलं, कुणाचं तरी लहान मूल. बघते तर त्यांच्या कॉम्प्युटरचा डबा!

"ह्यो कशाला?"

"त्यांच्यात चूक हाय. माझ्यात न्हाय. ती तितं नेऊन दाखवायला नको?"

बसमध्ये त्यांनी खिडकीजवळची जागा डब्याला दिली, त्याच्याशेजारी स्वतः बसले आणि मी उभी. धक्का लागला की ते डब्याला धरायचे. कंडक्टरने कानडीत विचारलं, "एनैती इदराग?" आत काय आहे. अण्णांनी कानडीतच त्याला एडिटर म्हणजे काय, खिडकी म्हणजे काय, आणि संकेश्वरच्या लोकांचं काय चुकतं, हे हत्तरगीपर्यंत समजावून सांगितलं. कंडक्टर शेवटी माझ्याकडे वळला आणि मराठीत म्हणाला, "आक्का, ह्येंनी नेमकं कुटल्या दवाखान्यात निगाल्यात?"

कॉलेजच्या लॅबमध्ये वीस-पंचवीस मुलं-मुली आणि त्यांचे सर वाट बघत होते. अण्णांनी एका मशीनच्या तारा उपसून आपला डबा जोडला. म्हैस अवतरली, मुलं खूश झाली. अण्णांनी कोपऱ्यात एडिटर उघडला, सरकवला, बंद केला, परत उघडला. "बगा. काय हुतंय? कायबी न्हाय."

पुढच्या बाकावरची एक मुलगी उठून उभी राहिली. "सर, आता ती मोठी करून लहान करून दाखवा की."

"कशाला मोठी करायची?"

"आमी मोठी करूनच लिव्हतो."

अण्णांनी चष्मा कपाळावर नेला, सगळ्या वर्गावरून नजर फिरवली आणि लॅबच्या सरांना म्हणाले, "सापडली बगा चूक. ह्या पोरांच्यात हाय."

ते डब्याच्या तारा काढायला लागले तेव्हा मला जमिनीत शिरावंसं वाटलं. ती मुलगी माझ्याकडे बघत होती. तिचं बरोबर होतं आणि मी काही बोलले नाही, कारण माझं पत्र ह्या माणसाच्या खिशात होतं. त्याची लाज मला अजून वाटते.

परत येताना साडेपाच झाले. अण्णा संकेश्वरच्या स्टँडवर बाकड्यावर बसले, जेवणाचा डबा उघडला, आणि मौन. समोर बेळगावची बस लागली; गाठोडं ऑफिसात ठेवायचं म्हणून निपाणीआधी अण्णांनाही तिकडेच यायचं होतं. मी म्हणाले, "अण्णा, बस." त्यांनी चटणी घेतली. कंडक्टरने घंटी मारली. मी म्हणाले, "अण्णा, चालली वो." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. बस गेली. पुढची तासाने होती. तासभर मी कॉम्प्युटरचं गाठोडं मांडीवर घेऊन बसले होते, आणि येणारी-जाणारी बायकामाणसं मायेने विचारत होती, "झोपलंय व्हय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी तक्रार दुरुस्त केली. कशी? त्यांनी एडिटरवरचा चौकोनच काढून टाकला. आडवी रेघ होती, फुली होती, मधली जागा रिकामी, पडलेल्या दातासारखी. खिडकी मोठीच होणार नाही, मग लहान होत नाही अशी तक्रार येईल कुठून! त्यासाठी त्यांनी अर्जही केला होता. अर्जदार स्वतः, शेरा स्वतःचा, 'मंजूर. निकाली.' सरांना हा उपाय फार आवडला. सरांना काम संपलं की आवडायचंच, कसं संपलं ते ते बघत नसत.

मी एवढंच म्हटलं, "वरच्या पट्टीवर दोनदा टिचकी मारली तरी खिडकी मोठी होती अण्णा. त्येचं काय?"

"दोनदा कोन मारतंय?" अण्णा म्हणाले. "एकदा मारून भागतंय की."

शुक्रवारी पाच वाजता मॅडम पडद्यावर आल्या. सर, मी आणि बाकीचे टेबलाभोवती. अण्णांनी चौकोन नसलेला एडिटर दाखवला. मॅडमनी तोंड पडद्याजवळ आणलं. मग चौकोन कुठे गेला म्हणून विचारलं. अण्णांनी भिंतीचं आणि खिडकीचं तत्त्वज्ञान इंग्रजीत सांगितलं. ते इंग्रजीत आणखी वाईट वाटत होतं. सर छताकडे बघत होते. साडेपाच झाले, अण्णा वाक्याच्या मधेच उठले, डबा घेतला आणि गच्चीवर गेले. मॅडमना वाटलं त्यांचं नेट गेलं.

आणि मग मॅडमनी आपल्याकडे आलेल्या नव्या प्रतीच्या वरच्या पट्टीवर दोनदा टिचकी मारली.

खिडकी पडदाभर झाली. त्यांनी परत मारली. काही नाही. परत मारली. काही नाही. आता तर दाबायला चौकोनही नव्हता. मॅडम सरांना अगदी शांतपणे म्हणाल्या, मी सहा वाजता दुसऱ्यांशी बोलणार आहे, तोपर्यंत काही असेल तर दाखवा. पडदा काळा झाला. सरांनी माझ्याकडे बघितलं. "हे काम तुझं होतं," म्हणाले.

मला डेअरी दिसली. फॅटचं यंत्र दिसलं, रांगेतल्या किटल्या दिसल्या, आणि सरळ रडू आलं. पण रडायला वेळ नव्हता. मी गच्चीवर पळाले.

अण्णा टाकीच्या कठड्यावर. सूर्य पलीकडच्या झाडांवर टेकलेला. मी धापा टाकत म्हणाले, "अण्णा, मॅडम निगाल्या. ती एक वळ घालू द्या. फकस्त एक वळ. तुमच्या मशीनवर बसू का?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. सूर्याकडे बघितलं. घास चावला. भाकरी अजून अर्धी होती.

"अण्णा, व्हय म्हना न्हायतर न्हाय म्हना. माजं पत्र जातंय वो. मला गावाकडं जावं लागंल."

ताकाचा घोट. मी अजून अर्धं मिनिट थांबले असेन. मग मला असा राग आला की मी जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरले.

त्यांच्या खुर्चीवर तोवर कोणी बसलेलं नव्हतं. मशीनला पासवर्डही नव्हता, त्यांच्या दराऱ्याने तेवढं काम भागत होतं. बसले, आणि पहिल्यांदा काय केलं असेल तर त्यांच्या कोपऱ्यातल्या त्या पोस्टकार्डाच्या पट्टीवर दोनदा टिचकी मारली. खिडकी पडदाभर पसरली. म्हैस झाकली गेली. परत दोनदा मारली. काही झालं नाही. त्यांच्यातही होतं! इतकी वर्षं होतं. नुसतं कोणी बघितलं नव्हतं.

मी ती ओळ घातली, चौकोन परत जागेवर आणला, नवी प्रत बनवली, तिथेच उघडून पडदाभर केली आणि पाठवली. सहाला दोन मिनिटं कमी असताना मॅडम परत आल्या. त्यांनी खिडकी मोठी केली, लहान केली, बाजूला सरकवून मोठी केली, परत लहान केली. प्रत्येक वेळी ती आपल्या जागी गेली. "गुड," एवढंच म्हणाल्या, आणि दुसऱ्यांशी बोलायचं राहिलं. सरांनी हात जोडले. "आमच्या अण्णांचं काम आहे मॅडम," म्हणाले. मी तिथेच उभी होते.

अण्णा खाली आले तेव्हा त्यांचा पडदा भरलेला होता आणि म्हैस दिसत नव्हती. ते उभ्याउभ्याच बघत राहिले. मग खुर्चीवर बसले, आणि मी कधी पाहीन असं वाटलं नव्हतं ते केलं. चौकोन दाबला. खिडकी सुतासारखी सरळ आपल्या कोपऱ्यात जाऊन बसली. त्यांनी परत दाबला. मोठी. परत दाबला. लहान. घरात नवं बटण बसवल्यावर पोरं दिवा लावतात-घालवतात तसं किती वेळ चाललं होतं. मग डब्याची पिशवी उचलली आणि निपाणीच्या बसला गेले.

सर मला म्हणाले, "अण्णांच्या मशीनला हात लावलास? सोमवारी ते काय म्हणतात बघू." झालं. काम केल्याबद्दल शाबासकी अण्णांना आणि विचारणा मला. शनिवार-रविवार गावाकडे मी भातसुद्धा नीट जेवले नाही. आप्पांनी विचारलं, "पत्राचं काय?" मी म्हटलं, सोमवारी. ते म्हणाले, "चेअरमनला मंगळवारी सांगतो मग."

सोमवारी अण्णांनी पिशवी ठेवायच्या आत हाक मारली. "आक्का, तुजा अर्ज कुटाय?"

"तुमच्याकडंच हाय. निकाली काढलाय."

त्यांनी फाईल काढली, अर्ज शोधला, लाल पेन उघडलं. "तू मला न इचारता हात लावलास."

"इचारलं की! गच्चीवर येऊन इचारलं."

"इचारलंस. खरं," 'पण'ला आमच्या भागात 'खरं' म्हणतात, "मी उत्तर कुटं दिलं? उत्तर मिळाल्याबिगर इचारलं असं धरत न्हाईत."

"तुमी बोलत न्हवता त्येला मी काय करू?"

"थांबायचं."

"आनि कंपनी बुडाली असती तर?"

ह्यावर त्यांनी चष्मा कपाळावर नेला. मला वाटलं, आता काहीतरी भिंत-खिडकी येणार. पण चष्मा परत खाली आणून बराच वेळ लिहीत बसले. मग तो कागद स्वतः सरांच्या टेबलावर नेऊन ठेवला. सरांनी वाचला, दोनदा वाचला, आणि दुपारी मला पत्र मिळालं. इंग्रजीत, शिक्क्यासकट. पक्की. पत्राला टाचणीने तो अर्ज लावलेला होता.

त्या संध्याकाळची शेवटची बस धरून मी गावाला गेले. आप्पा सोप्यात चष्मा शोधत होते. त्यांनी इंग्रजी पत्र उलटंसुलटं करून बघितलं, शिक्क्यावरून अंगठा फिरवला आणि बाजूला ठेवलं. मग मराठीतला अर्ज हातात घेतला. मी म्हटलं, "ते राहू दे आप्पा, ते ऑफिसचं हाय." पण ते मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेत आणि मराठी कागद वाचल्याशिवाय सोडत नाहीत.

वरचा जुना शेरा लाल रेघ मारून खोडलेला होता. खाली नवा शेरा होता. आप्पांनी बोट धरून मोठ्याने वाचला: 'पाहिले. माझ्यात आहे. सुरुवातीपासून होते. अर्जदाराने केलेला बदल बरोबर आहे. तथापि विचारून केलेला नाही. पक्के करण्यास हरकत नाही.'

अण्णांनी 'बरोबर' हा शब्द कुणाबद्दल लिहिल्याचं त्या फाइलीत दुसरीकडे कुठेही नाही. मी नंतर सगळी फाईल चाळून बघितली आहे.

आप्पांनी शेरा परत एकदा मनात वाचला. "बरोबर हाय, खरं इचारलं न्हाय," ते म्हणाले. "मानूस हुशार दिसतंय. आमी बावीस-तेवीस वर्सं ह्येच म्हनालोय, खरं असं लिव्हायला आमाला जमलं न्हवतं."

इंग्रजी पत्र आमच्या ट्रंकेत रेशनकार्डाखाली आहे. भिंतीवर काचेत लावलाय तो अर्ज.